तेल पडलं आणि रेघ सरळ आली

...नाही, पंखा मला दुरुस्त करता येत नाही. मिक्सरही नाही. तुम्हाला सांगतो, माणसाने इलेक्ट्रिकलमध्ये एम.टेक. करावं, पण कुणाला कळू देऊ नये. आमच्या तीर्थहळ्ळीत बातमी फुटली आणि संपलं, लग्नाला जा, नवरदेव अक्षता झटकत म्हणतो, 'चंद्रमौळी, मांडवातली ती ट्यूब फडफडतेय, बघ ना जरा.' अरे, मी जेवायला आलोय. बरं, समजावून सांगावं की बाबा, माझा विषय वेगळा, मी मोटरच्या वेगावर काम करतो, तर मागून एखादी आत्या हळूच म्हणते, 'म्हणजे याला येत नाही.' येत नाही. खरंच येत नाही, काय करू?

विषय तसा साधा हो. मोटर फिरतेय, तिच्यावर लोड टाकायचा, म्हणजे तिच्या चाकावरचा पट्टा आवळायचा, आणि तरी तिचा वेग ढळता कामा नये. वेगाची रेघ संगणकावर दिसते, ती सरळ राहिली की तुम्ही एम.टेक. माझी रेघ पट्टा आवळला की मान टाकायची. मी प्रोग्राम बदलायचो, पुन्हा आवळायचो, पुन्हा मान टाकायची, आणि मग आमचे गाइड, नाडिगेर सर, हात पाठीमागे बांधून यायचे, चष्मा वर करायचे, चष्मा खाली करायचे आणि म्हणायचे, 'हं... अजून थोडं बघा.' काय बघा? कुठे बघा? ते नाही सांगायचे. दोन वर्षं शिमोग्याच्या मेसमधला गार भात खाऊन मी अजून थोडं बघत होतो.

तिकडून अप्पांचा फोन. थोडीशी सुपारीची बाग, तेवढ्यावर मला शिकवत होते बिचारे. 'यंदा सुटतोस ना रे? दसऱ्यानंतर सुपारी उतरवायची, सोलायला माणसं मिळत नाहीत, म्हणून यंत्र घेतलंय. त्याला मोटर आहे. तू मोटरवाला.' काय सांगू त्यांना? मुदत आधीच एकदा वाढवून घेतलेली. दसरा झाला की बाहेरून परीक्षक येणार, आणि रेघ पडली तर आणखी एक वर्ष. माझ्यात वर्ष उरलं नव्हतं हो, आठवडा उरला असेल.

आणि नेमकी मध्ये आली आयुधपूजा, म्हणजे तुमची खंडेनवमी. सर म्हणाले, 'आज यंत्राला हात लावायचा नाही.' परदेशी मासिकांत ज्यांचे लेख छापून येतात ते आमचे सर पंचा नेसून लॅबमध्ये हजर. माझ्या मोटरला हळद, कुंकू, झेंडूची माळ, दोन्ही अंगांना केळीचे खांब, दारात कोहळा फोडला, चुरमुरे वाटले, आणि मग सरांनी स्वतःच्या हाताने, वर्षभर राबते बिचारी म्हणून, मोटरला तेल घातलं. राबतो मी, तेल मोटरला.

दुसऱ्या दिवशी दशमी. उत्तरपूजा झाली, मी मोटर चालू केली, पट्टा आवळला... रेघ सरळ. आणखी आवळला... सरळ. हात दुखेपर्यंत आवळला, रेघ ढिम्म हलेना. सरांना बोलावलं. चष्मा वर, चष्मा खाली, डोळ्यांत पाणी. 'चंद्रमौळी, देवीची कृपा. आता काही बघू नका.' ऐकलंत? दोन वर्षांत पहिल्यांदा म्हणाले, बघू नका. आणि मी करंटा, मी बघितलं.

पट्ट्याला एक स्प्रिंगचा काटा असतो, लोड किती पडला ते दाखवणारा. तो शून्यावर निवांत बसलेला. पट्ट्याला बोट लावलं, बोट तेलकट. पूजेचं तेल ओघळून पट्ट्यावर आलेलं, पट्टा चाकावर नुसता घसरतोय, मोटरवर लोडच नाही, मग वेग कशाला ढळेल? कामाला न जुंपलेला माणूस सरळच चालतो की. आता मी गप्प बसलो असतो तर? परीक्षक पडदा बघतात, काट्याकडे कोण वाकून बघतो? घास तोंडाशी आलेला हो. पण सरांचे ते पाणावलेले डोळे बघून मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी म्हटलं, 'सर, पट्टा घसरतोय. तेल...' सरांनी मोटरकडे बघितलं. कुंकू तिलाही, कुंकू यांनाही. मग म्हणाले, 'पुसा.' पुसला. रेघेने मान टाकली.

परीक्षक आल्या म्हैसूरहून, वारिजा मॅडम. 'ही रेघ खाली का येते?' मी म्हटलं, 'लोड पडतो, मॅडम.' सर खिडकीबाहेर बघतायत. मॅडम म्हणाल्या, 'दसरा झाल्यापासून जाईन तिथे रेघ सरळ. सगळ्या जिल्ह्यातल्या मोटरी एका रात्रीत सुधारल्या म्हणे. ही पहिली खरी रेघ बघतेय. का पडते ते नीट लिहा आणि सुटा.' सुटलो. सर इतके खूश की खांद्यावर हात टाकून म्हणाले, 'मग पीएच.डी.ला याच्यावरच... अजून थोडं बघू या.' मी थेट बसस्टँड गाठला.

घरी आलो तर अंगणात सुपारीचा ढीग आणि ढिगापाशी अप्पा, कपाळाला हात लावून. नवं यंत्र बंद. म्हणजे मोटर फिरते, पण सुपारी टाकली की यंत्र जागच्या जागी थांबतं. शेजारचे हेगडे निकाल देऊन मोकळे, 'मोटर गेली.' सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला दरदरून घाम, कारण तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलं, मला काही दुरुस्त करता येत नाही. आणि तेवढ्यात दिसली मोटरवर झेंडूची माळ.

'अप्पा, पूजेला तेल घातलंत?'

'मग? पहिलं वर्ष त्याचं. घरचं खोबरेल घातलं, चांगलं न्हाऊ घातलं.'

मी अम्माकडून जुनं फडकं आणि चुलीतली राख घेतली, मोटरवरून यंत्राला फिरवणारा पट्टा पुसून कोरडा केला, बटण दाबलं, आणि सुपाऱ्या सोलून टपाटप पडायला लागल्या. हेगडे घरी गेले. अप्पांनी यंत्राकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग फडक्याकडे.

'दोन वर्षं हे शिकलास?'

नाही कसं म्हणू? दुसरं काय आलं होतं मला?

अम्मालाच माझी दया आली. म्हणाली, 'असू दे हो, दमून आलंय पोर. चंद्रू, बस, पाणी पी... आणि फडकं हातात आहेच तर आतला मिक्सरही बघ.'

बघतोय. अजून थोडं बघतोय.