डोरीनबाई आणि उत्तरेकडचा उतार

सन्माननीय अध्यक्षा आणि आपल्या महापौर विनिफ्रेडबाई ओक्स, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती डोरीनबाई हॅस्केल, आणि बाहेर ताजा बर्फ पडलेला असूनही सभागृहात बसण्याचा त्याग करणाऱ्या माझ्या गावकरी बंधुभगिनींनो,

डोरीनबाई आपल्या हिमस्खलन केंद्रातून निवृत्त होऊन नेब्रास्कात बहिणीकडे निघाल्या आहेत. तिथे कोसळायला डोंगरच नाहीत. इथे त्या रोज पहाटे कुठला उतार धोक्याचा ते लिहीत, आणि आपण कॉफी पिता पिता नेमक्या त्याच उताराची चौकशी करत असू. अध्यक्षाबाईंचं स्कीचं दुकान आहे. हंगामाच्या तोंडावर असे इशारे वाचून त्यांना किती आनंद होई, हे त्यांच्यासमोर मी काय सांगावं?

काही वर्षांपूर्वीची, नोव्हेंबरातली ती गोष्ट मात्र सांगतो. बर्फ जेमतेम गुडघाभर. एवढ्याशा बर्फात काय होणार, असं गावात सगळेच म्हणत होते. पण ऑक्टोबरचा बर्फ सावलीत पडून पडून साखरेसारखा भुसभुशीत झाला होता, आणि त्यावर वाऱ्याने नव्या बर्फाची जड लादी आणून बसवली होती. बाईंनी पहाटे लिहिलं, उत्तरेकडच्या उतारावर पाऊल ठेवू नका. आणि सहकारी टोबायसला घेऊन त्या स्वतःच तिकडे गेल्या. कडेला खड्डा खणून थर तपासायचे होते. खड्डा उत्तम खणला. थर वाईट निघाले.

मग आल्या वाटेने परत फिरायचं, की नाही? पण त्याच उताराचा समोरचा अरुंद पट्टा ओलांडला की गाडी जवळ होती. टोबायसला वाटलं, नको असेल तर बाई म्हणतील. बाईंना वाटलं, शंका असती तर हा बोलला असता. दोघांनी एकमेकांचा इतका मान राखला, की कोणीच काही बोललं नाही.

बाई पट्ट्याच्या मध्यावर असताना लादी तुटली. बर्फ थोडा, म्हणून खालचे दगड उघडे. गुडघा मोडला आणि बाई गाडल्या गेल्या. टोबायस एकटा खणू लागला, तेवढ्यात खालून आपला प्लंबर गिल आर्सनो आणि त्याची बायको रेनाटा फावडी घेऊन धावत आले. ते तिथे कसे? तर त्यांनी इशारा वाचला नव्हता. वाचला असता, तर आजचा सत्कार मरणोत्तर झाला असता.

तोंड मोकळं झालं, श्वास आला, तशी बाईंनी डोळे उघडून विचारलं, "गिल, सकाळचा इशारा वाचला नाहीस?"

"नाही बाई. तुम्ही?"

गिल हे सांगतो तेव्हा आपण सगळे हसतो. रेनाटा उठून जाते. बर्फ बाजूला केला तेव्हा बाईंचा चेहरा निळा पडला होता, हे तिने पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी बाईंनी इस्पितळातून लिहिलं, "काल हिमस्खलनात सापडलेली व्यक्ती अनुभवी होती. ती मी." परिणाम काय झाला? शनिवारी लोक ती जागा बघायला सहकुटुंब गेले.

पुढे प्लास्टरचा पाय ओढत बाई आमच्या बचावपथकाकडे आल्या. एकच मागणं होतं. बरोबरच्यांपैकी कोणीही, अगदी नवखा असला तरी, 'परत' म्हणाला की सगळ्यांनी फिरायचं. कारण विचारायचं नाही.

गेल्या रविवारी मी त्यांच्याबरोबर खिंडीत गेलो होतो. पथकाचा प्रमुख असलो तरी माझा धंदा खिळे-स्क्रू विकण्याचा. बर्फातलं मला किती कळतं, ते पथकाला ठाऊक आहे. एका उतारापाशी मी थांबलो आणि म्हणालो, "परत." बाईंनी उताराकडे पाहिलं. त्यांना तो पक्का वाटत होता, हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तरी त्यांनी स्की वळवल्या.

तो उतार काही कोसळला नाही. बहुधा मीच चुकलो असेन. कळायला मार्ग नाही.

बाईंनी आयुष्यभर हेच काम केलं. ते साधलं की काहीच घडत नाही, आणि न घडल्याबद्दल कोणी हार घालत नाही.

अध्यक्षाबाईंनी मला वेळ दिला आणि डोरीनबाईंनी हे सगळं निमूट ऐकून घेतलं, दोघींचा ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कोणाला काही लागलं असेल, तर मोठ्या मनाने सोडून द्या. आणि आता टाळ्या वाजवणार असाल, तर शेजारी नीट बघून वाजवा. यांतलं कोण बाईंमुळे इथे बसलंय, ते त्यांनाही माहीत नाही आणि आपल्यालाही नाही.