लिस्बनला जेवाय गेलतो, चालून आलो

…न्हाई, मला एक सांगा, मानसाला जेवायला बोलवायचं तर पाट टाकून बसवायचं का गल्लीबोळानं पळवायचं? आं? तुमाला सांगतो, मी सुंदरराव, केजात पेंड-सरकीचं दुकान, आजवर किती पंगती उठवल्या, पन् असलं जेवन जिंदगीत बघितलं न्हाई! घास एवढा… हे बघा, नखाएवढा… आन् चाल? चाल एवढी!

झालं काय, आमची चैताली पोर्तुगालात, लिस्बन शहरात नोकरीला. लई दिवसांनी आमाला दोघांला बोलवलं, तिकिटं धाडली. मी म्हनलं चला, पोरीला समजावून घरी आनू, तिच्या कंपनीचं हापीस पुन्यात बी हायच की! पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी म्हनती, "पप्पा, संध्याकाळी फिरत फिरत जेवायचंय. इथलं जुनं खानं-पिनं दाखवनारी बाई हाय." मी खुश! दुपारचं खाल्लंच न्हाई, म्हनलं संध्याकाळी हानू. हितंच फसलो!

बाई आली. नाव इनेस, हातात पिवळी छत्री. पाऊस न्हाई, ऊन न्हाई, खामखा छत्री! ती वर धरायची आन् सुटायचं. मागं आमी तिघं, दोन जर्मन, एक जपानी जोडपं… मेंढरावानी. पहिलं थांबलो देवळीएवढ्या दुकानापुढं. ग्लास दिला. ग्लास कसला, लेकराला पाजायचं बोंडलं! आत लाल, गोड कायतरी. मी वास घेतो न घेतो तवर आमची सुरेखा, जी केजात लग्नात कोल्ड्रिंक बी पदराआड पिती, तिनं गटकन् रिकामं केलं! चैताली वरडली, "आई, चेरीची दारू हाय ती!" सुरेखानं तोंड पुसलं. "असू दे, गेली आता." आन् बोंडलं पुढं केलं, "अजून हाय का?"

मी कायतरी बोलनार, तवर छत्री सुटली. घास एवढा, चाल एवढी!

आन् रस्ता? सगळा चढ. पायऱ्या, बोळ, पुन्हा पायऱ्या, गुळगुळीत दगड… थांबलो तर माशाचं वडं. खारवलेला मासा भिजवायचा, बटाट्यात मळायचा, तळायचा. फक्कड हो, खोटं कावून बोलू? पन् एक! मानशी एक! मी बोट केलं, अजून द्या, तर इनेस गोड हसून इंग्रजीत काय म्हनली, ते चैतालीनं सांगितलं, "आधी ह्याचा इतिहास ऐका." आता इतिहासानं पोट भरतं का हो? जहाजं कुठं गेली, मिरची कुनी नेली… मी म्हनलं, तिला सांग, मिरच्या आमच्याकडं पोत्यानं हायेत, तू वडं आन! झालं, छत्री सुटली!

मंग एका म्हातारीच्या खानावळीत बसवलं. बसवलं हो, खुर्चीवर! समोर वाडगं आलं… शिळा पाव कुस्करलेला, लसूण, कोथिंबीर, वरून कढत पानी. अहो, आपली कुस्करलेली भाकर! मला भरूनच आलं. पहिला घास तोंडात घातला, आन् तवाच चैताली म्हनली,

"पप्पा, पुन्याची बदली मी नको म्हनून कळवलंय. मी इथंच राहनार."

घास तसाच गिळला. सुरेखाकडं बघितलं, म्हनलं आता ही रडती. तर ती निवांत जेवतीया! "मला ठाव हाय," म्हनली, "पाडव्यालाच सांगितलं तिनं." इनेसकडं बघितलं, तर तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हंजी हिला बी ठाव! जर्मनाला बी ठाव असंल! एकट्या बापाला न्हाई!

मी भडकलोच. "काय हाय गं हितं? आपल्याकडं काय कमी हाय?"

पोरगी दबली न्हाई. "पप्पा, इथं मी अंधार पडल्यावर एकटी पायी घरी येते. कुठून आली, संगं कोन होतं, कुनी इचारत न्हाई. केजात मी घरी पोचायच्या आधी तुमाला चार जनांचे फोन यायचे."

आता फोन यायचे, हे खरंच… विठ्ठलराव, हसता काय, तुमचाच पहिला असायचा! मी चमचा खाली ठेवला. पाव थंड झाला. आन् छत्री? सुटली! मानसाला दुःख करायला बी बसू देईना ती बाई! घास एवढा, चाल एवढी!

शेवटच्या चढावर दम लागला तसा चैतालीनं हात धरला. तसंच चढलो. वर पोचलो, खाली लाल छपरं, नदी ही एवढी रुंद. इनेसनं सगळ्यांला तिथल्या गोड गरम पुऱ्या वाटल्या, खुसखुशीत, आत खरवसावानी मऊ. चैतालीनं तिची बी माझ्याच हातावर ठेवली. "खावा पप्पा, भुकेजलाव." दोन्ही खाल्ल्या. मंग म्हनलं, "रात्री दार नीट लावत जा." ती हसली, आन् रडली बी.

तुमी म्हनाल, झालं की सगळं गोड! कशाचं गोड? निघायच्या दिवशी मी बॅगा घेऊन दारात, आन् सुरेखा सोफ्यावर, पायात पोरीचे बूट. म्हनलं, "ऊठ, विमान चुकंल."

"मी ऱ्हाते म्हनते जरा. उद्या इनेसबाई दुसऱ्या गल्लीनं नेनार हाय."

"आन् मी?"

"तुमी व्हा की पुढं."

झालो पुढं! काय करता… आता तो कुकर कितव्या शिट्टीला उतरवायचा, तेवढं सांगा बरं कुनीतरी.