ऋषीनं रचलेले दगड

सर्जेराव : …आन् काच चाटणाऱ्या गोगलगायी दे, शंखातलं खेकडं दे, वाळू चाळणारा त्यो पांढरा मासा दे. आन् झिंगं. लाल अंगाचं, पाठीवर पांढरा पट्टा आसल्यालं. त्येची जोडीच दे.

लियाकत : सगळं देतो, तात्या. आधी माशांच्या टाकीतलं पाणी बघू द्या. बाटली आणलीय ना?

सर्जेराव : आणलीय, ही घे. पर पाण्याला काय धाड भरलीय? मीठ तुजी काकू घालती, आमच्या पोरानं, ऋषीनं तिला शिकवलं तसंच.

लियाकत : समुद्राच्या पाण्याइतकं मीठ बरोबर असेल हो. पण काकू गेल्या आठवड्यात फोनवर म्हणत होत्या, झिंगे मजेत आहेत. मग एकदम सगळंच कशाला लागतंय?

सर्जेराव : मेलं.

लियाकत : झिंगे मेले?

सर्जेराव : समदं मेलं. गोगलगायी काचंवरनं गळून पडल्या. खेकडं शंख सोडून भाएर आलं आन् तितंच आडवं झालं. ती पोवळी पांढरीफटक पडली. एक नारंगी पट्ट्याचा मासा तेवढा फिरतोय.

लियाकत : मासा वाचला आणि बाकीचं सगळं गेलं?

सर्जेराव : व्हय. आता बोलत बसू नगंस. ती भाएर जीपमधी बसलीय. आत यायच्या आधी पिशव्या भर.

लियाकत : काकूंना माहीतच नाही?

सर्जेराव : तिला म्हणलं, झिंग्यानं कात टाकलीय. टाकत्यात का न्हाय?

लियाकत : टाकतात.

सर्जेराव : ऋषीच सांगायचा. कात बघून घाबरू नगा, खरा झिंगा दगडामागं लपलाय, अंग कडक झालं की येतोय भाएर. तेच तिला सांगून ठिवलंय. रोज सकाळी पाण्यात हात घालून बसती. झिंगा यायचा, बोटावर चढायचा, नखं साफ करायचा. ऋषी गेल्यापास्नं तेवढ्याच वक्ताला ती बाई हसायची. आता ती नुसता हात घालून वाट बघती, आन् मला तितं उभं ऱ्हावत न्हाय.

लियाकत : तात्या, इकडं बघा. तपासणीचे थेंब टाकल्यावर बाटलीतल्या पाण्याचा रंग बघा.

सर्जेराव : निळा दिसतोय. म्हंजी काय?

लियाकत : पाण्यात तांबं आहे. टाकीत काय टाकलंत?

सर्जेराव : मी काय टाकणार?

लियाकत : तात्या.

सर्जेराव : चिमूटभर टाकलं.

लियाकत : चिमूटभर काय?

सर्जेराव : मोरचूद.

लियाकत : अल्ला! अहो, कशाला?

सर्जेराव : काच हिरवीगार झालती. तिला आतलं दिसंना, पदरानं पुसत बसायची, आन् शेवाळ तर आतल्या अंगाला. आमच्या शेततळ्याला शेवाळ आलं की आमी मोरचूद फडक्यात बांधून पाण्यात फिरवतो. तळं कसं आरशावानी होतं. म्हणलं, हे बी तळंच की. ती उठायच्या आत काच लख्ख करावी.

लियाकत : झाली लख्ख?

सर्जेराव : झाली की. त्या लख्ख काचंतनं समदं मेल्यालं दिसलं.

लियाकत : बसा, तात्या. पाणी प्या. (दुकानातल्या पोराला) दानिश, तात्यांना खुर्ची दे.

सर्जेराव : खुर्ची ऱ्हाऊ दे. झिंगं दे.

लियाकत : दिले तर संध्याकाळपर्यंत तेही मरतील. माशाला तांबं थोडंफार सोसतं. झिंगा, खेकडा, गोगलगाय, पोवळं, यांना ते जहर आहे. आणि शेवाळ तर त्यांचं जेवण होतं हो. मला सांगितलं असतंत, तर अजून चार गोगलगायी सोडल्या असत्या, त्यांनीच काच साफ केली असती.

सर्जेराव : मग पाणी बदलतो. समदं उपसतो.

लियाकत : नुसत्या पाण्यानं भागत नाही. दगड आणि वाळू तांबं पिऊन बसलेत, ते पाण्यात सोडतच राहणार. दगड बदलावे लागतील.

सर्जेराव : दगड न्हाय बदलायचं.

लियाकत : दुसरा इलाज नाही.

सर्जेराव : त्यानं रचल्यात ते! ती मधली कमान चारदा ढासळली, चारदा रचली. मी वराडलो त्याच्यावर. म्हणलं, रान खारवटलं म्हणून जलमभर चर खांदलं, मीठ रानाभाएर काढता काढता कंबर गेली, आन् तू घरात पोत्यानं मीठ आणतूस? हसला. म्हणला, तात्या, ह्या रानात मिठाबिगर पीकच येत न्हाय. त्या रातीला त्याची गाडी ज्या उसाच्या ट्रॉलीवर आदळली, तिला मागं एक लाल दिवा आसता, तर आज तुज्या दारात त्योच आला आसता, मी न्हाय.

लियाकत : मलाही अजून वाटतं, गाडी लावून आत येईल आणि नवीन काय आलंय म्हणून विचारेल.

सर्जेराव : मग दगडाचं बोलू नगं. झिंग्यावानी दिसणारा एखादा मासा आसंल तर बघ.

लियाकत : तसा मासा नसतो, तात्या. हाताशी येणारा तो झिंगाच.

(विजयमाला दुकानाच्या दारातून आत येते.)

विजयमाला : लियाकत, दगडाचं त्यास्नी परत एकदा सांग. मी दारातनं ऐकलंय.

सर्जेराव : अगं, तू कशाला उतरलीस? आलोच मी.

विजयमाला : झिंगं मेल्यालं मला ठावं हाय.

सर्जेराव : कात टाकलीय गं त्यानं…

विजयमाला : कात पोकळ आसती, फुंकर मारली तर उडंल एवढी हलकी. ऋषीनं माज्या तळहातावर ठिवून दावली हुती. दुसऱ्या दिशी तुमी उठायच्या आधी मी हात घातला हुता, तवा जड लागला झिंगा. तसाच परत खाली ठिवला.

सर्जेराव : मग रोज हात घालून का बसत हुतीस?

विजयमाला : तुमी दारात उभं ऱ्हाऊन बघत हुता. हात घातला नसता तर तुमास्नी कळलं आसतं, मला ठावं हाय म्हणून.

सर्जेराव : चुकलं गं माजं. लई चुकलं.

विजयमाला : माज्यासाठीच काच साफ कराया गेला न्हवं? आता दगड काढायचं.

सर्जेराव : त्याच्या हातचं हायती गं.

विजयमाला : हायती. पर पाण्यात हात घातला तर दगड काय जवळ येत न्हाय. दारात मोगऱ्याखाली ठिवू, कमान तितं परत रचू. लियाकत, मग पुढं काय करायचं?

लियाकत : टाकी धुऊन नवे दगड, नवी वाळू. मी स्वतः येतो, काकू. पाणी काही आठवडे स्थिरावू द्यायचं. शेवाळ आलं की आधी गोगलगायी, मग खेकडे. सगळं नीट जगलं तर शेवटी झिंगे. घाई करायची नाही.

विजयमाला : नवा झिंगा वळखंल का हात?

लियाकत : खोटं कशाला सांगू? हात कुणाचा ते त्याला कळत नाही. न हलवता धरला की येतो.

विजयमाला : ऋषी माजं मनगट धरून ठिवायचा पाण्यात. मी भ्यायची म्हणून. अवो, या बारीला पयला हात तुमी घाला.

सर्जेराव : मी? ह्याच हातानं मोरचूद टाकलंय.

विजयमाला : धुवून घाला. मी धरते.