एका मशीनमध्ये तीन मशिनं

हसू नका रे, हुशारी अंगाशी कशी येते ते माझ्याकडून ऐका. दोन हजार आठच्या सुमाराला मी शहापूरजवळच्या एका भातगिरणीच्या ऑफिसात होतो. तीन कॉम्प्युटर, तीन माणसं. वजनकाट्याचा प्रोग्राम जुन्या विंडोजवरच चालायचा, तिथे आटगावची वंदनाताई. गोदामाचा साठा लिनक्सवर, तिथे सापगावचा बबन. बिलं नव्या विंडोजवर, तिथे मी.

जुनी मशिनं सारखी बंद पडायला लागली. म्हणून मी एकाच नव्या मशीनवर हायपरवायझर, म्हणजे एका कॉम्प्युटरचे अनेक करणारा प्रोग्राम, टाकला आणि तिन्ही सिस्टिम एकदम चालवून दाखवल्या. शेठ चक्रावला.

"एकमेकांत घुसत नाय?"

"नाय शेठ. एका विहिरीवर तीन शेतं समजा. हायपरवायझर पाणी वाटणारा. एकाला नको असलं, की ते दुसऱ्याला."

त्यानंतर शेठ आमच्याकडे नुसता बघत बसायचा. शनिवारी म्हणाला, "गाडी नसली की वंदना रिकामी, माल हलला नाय की बबन रिकामा. सोमवारपासून दोघं नको. तू एकटा तिन्ही बघ."

मी तडकलो. "शेठ, त्या मशीनची मेमरी चौपट केली, तेव्हा चाललं ते!"

"मग तुला पण नवी खुर्ची देतो की!"

वंदनाताई डबा उचलून निघाली. दारात थांबून एवढंच म्हणाली, "विहीर छान समजावलीस रे."

सोमवारी खुर्ची आली. चाकं होती तिला. काट्याच्या खिडकीपासून गोदामाच्या दारापर्यंत सरकायला.