मेमरीचा आवाज

मेमरी घेताना कंपनी पाहावी का, असं विचारता? मग ऐका. नातीचा कॉम्प्युटर सारखा अडकायचा आणि तिची टायपिंगची परीक्षा तोंडावर आली होती. आम्ही तो उचलून मेहकरच्या दुकानात नेला.

दुकानदार म्हणाला, "आबाजी, मेमरी कमी पडते. नावाजलेल्या कंपनीची टाका."

"आधी ती अन् साधी, दोन्ही लावून दाखव," मी म्हटलं.

त्याने आधी नावाजलेली लावली, मग साधी. विहिरीवरच्या मोटारीला लावतो, तसा मी डब्याला कान लावला.

"आवाज सारखाच हाय. साधी दे."

"आबाजी, तो आवाज पंख्याचा हाय! मेमरी आवाज करत नाई."

नात तोंड दाबून हसू लागली.

मी म्हटलं, "गुपचूप काम करते ना? मंग तिले कंपनीचं नाव कायले पायजे?"

साधीच घेतली. नात पास झाली. हसणं मात्र अजून थांबलेलं नाही.