मागचे केस

“मान हलवू नकोस रे राजा.” लहानपणी केस कापताना वडील असं म्हणायचे. सलूनच्या बाकावर पाळीची वाट बघत बसलेल्या आजोबांना तो आवाज अजून आठवत होता. समोरच्या खुर्चीच्या हातांवर आडव्या टाकलेल्या फळीवर पाचेक वर्षांची मुलगी बसली होती आणि मागे तिचा बाप उभा होता.

“हे असे वाकडेतिकडे केस कुणी कापले, साहेब?” सलूनवाल्यानं विचारलं.

“हिनंच. कात्री सापडली तिला.”

“मागचेसुद्धा?”

“हो ना, भारी उपद्व्यापी आहे.”

“आणि आधी ओले करून, भांग पाडून?”

बाप भिंतीवरचं दरपत्रक वाचू लागला.

“ओले केस वाळले की वर चढतात, साहेब. मग नवशिका डावीकडचे थोडे, उजवीकडचे थोडे, असं करतच बसतो. काय ताईसाहेब, तुम्हीच कापलेत ना?”

“मी नाही सांगणार. बाबांनी दोन चॉकलेटं दिलीत.”

“फारच स्वस्तात पटलात की.”

आजोबांनी पेपर तोंडापुढे धरला. तेवढ्यात बापाचा फोन वाजला.

“बाबा, आईचा आहे? ती अजून माझ्यावर रागावलीय का?”

“हॅलो. हो, सलूनमध्येच आहोत. ऐक ना, घरी आलीस की तिला ओरडू नकोस. काल मी खोटं बोललो. केस मीच कापले.”