चिलखताचा दिवस

अथेन्सच्या नाट्यगृहाच्या दारी उजाडायच्या आतच रांग लागली होती. तेलाचा व्यापारी मिकिओन मागच्या दोघांकडे कान देऊन उभा होता. एक जण बडबड्या, दुसरा म्हातारा, पायानं लंगडा.

"आजोबा, शोकांतिका दिवसभर चालायच्या. आत्ताच रडून घेतलंत तर आत काय करणार?"

"नातू आहे आत. नाटकाआधी त्याला चिलखत मिळायचंय."

"म्हणजे लढाईत बाप गेलेल्या पोरांतला? मग नशीब काढलंत. नगरानं पोसलं, वाढवलं, आता साऱ्या गावासमोर ढाल-भाला देऊन पुढच्या रांगेत बसवणार."

"त्याच्या बापालाही तिथंच बसवलं होतं."

"बापालाही?"

"माझा थोरला भाऊ लढाईत गेला, तेव्हा त्याचं पोर नगरानं वाढवलं. तेही पुढं लढाईतच गेलं. आजचा हा त्याचा मुलगा."

"आणि तुम्ही?"

"मला या पायामुळं कुणी नेलंच नाही. चिलखताचे पट्टे मात्र दोघांचेही मीच आवळले."



"याला तरी लढाईवर जाऊ नको म्हणायचं होतं, आजोबा."

"काल म्हटलं की. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, पुढच्या रांगेतून नटांचे मुखवटे अगदी जवळून दिसतात का हो?"

"मग?"

"दिसतात म्हटलं. मी कुठं बसलोय तिथं कधी?"